साठीनंतर ताकदीचा व्यायाम कसा सुरू करायचा, सोबत काय खायचं आणि मेंदूला त्यातून काय मिळतं

वय झालेल्या माणसाने व्यायामाचं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, रोज थोडं चालत जा. डॉक्टर तेच सांगतात, मुलं तेच सांगतात, आणि चालणं चांगलंच आहे, ते अजिबात सोडू नका. पण नुसत्या चालण्याने मांड्या, पाठ, खांदे यांची जाणारी ताकद भरून निघत नाही, आणि हीच गोष्ट कोणी सांगत नाही. रोज तासभर फिरून येणारी माणसं खुर्चीतून उठताना हाताने रेटा देतात, बाथरूममध्ये पाय घसरला तर स्वतःला सावरू शकत नाहीत, जड पिशवी उचलायची म्हटलं की दुसऱ्याला हाक मारतात. त्यांना वजन उचलायला शिकवायला हवं, आणि ते सत्तरीत काय, ऐंशीतही शिकता येतं.

तिशीनंतर दर दहा वर्षांत शरीरातला साधारण 3 ते 8 टक्के मसल जातो, साठीनंतर हा वेग आणखी वाढतो, आणि मसलपेक्षा ताकद जास्त भराभर उतरते. त्यातही आधी झिजतात ते पटकन जोर लावणारे तंतू, म्हणजे ठेच लागली की पाय झटकन पुढे टाकून तोल सावरणारे तेच. वयाबरोबर होणाऱ्या या झिजेला 1989 मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया हे नाव दिलं, तोपर्यंत ‘वय झालं’ म्हणून विषय संपायचा. पण गेलेली ताकद बऱ्याच अंशी परत येते हो! 1990 मध्ये बोस्टनच्या मारिया फियातारोने आणि त्यांच्या टीमने वृद्धाश्रमातल्या 86 ते 96 वयाच्या दहा जणांकडून 8 आठवडे पायांचा चांगला जड व्यायाम करून घेतला, आणि ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीतल्या माणसांची! त्यामुळे ‘आता या वयात काय’ हे वाक्य आधी डोक्यातून काढून टाका.

आता मेंदूचं. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण 2 टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतला जवळपास 20 टक्के वाटा तोच खातो, म्हणजे रक्तपुरवठा आणि साखरेचा कारभार बिघडला की त्याचा फटका मेंदूला बसणारच. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेतला मोठा हिस्सा मसल ओढून घेतात, मसल कमी आणि सुस्त असतील तर साखर रक्तात रेंगाळते, इन्सुलिन नीट काम करत नाही, बारीक रक्तवाहिन्या खराब होत जातात. शिवाय मसल जोर लावतात तेव्हा त्यातून काही रसायनं रक्तात सुटतात, आणि व्यायामाने आयजीएफ-1, बीडीएनएफ अशी मेंदूच्या पेशींना जपणारी, जोडण्या वाढवायला मदत करणारी द्रव्यंही वाढू शकतात असं दिसलंय. ऑस्ट्रेलियात सिडनीला स्मार्ट नावाची ट्रायल झाली, 55 च्या वरची 100 माणसं, सगळ्यांना विसरण्याचा सौम्य त्रास सुरू झालेला. त्यातल्या काहींनी 6 महिने आठवड्यातून दोन-तीन दिवस जड वजनांचा व्यायाम केला, आणि त्यांची विचार करण्याची एकूण क्षमता नुसतं हलकं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा सुधारली. महत्त्वाचं म्हणजे ज्यांची ताकद जास्त वाढली त्यांना डोक्याचा फायदाही जास्त झाला. म्हणजे नुसते हात-पाय हलवून चालत नाही, ताकद वाढलीच पाहिजे. व्हँकुव्हरला 65 ते 75 वयाच्या 155 बायकांवर वर्षभर अभ्यास झाला होता, तिथे आठवड्यातून एकदा वजनं उचलणाऱ्या बायकांचंसुद्धा लक्ष एकाग्र ठेवण्याचं काम सुधारलं.

याचा अर्थ व्यायाम केला की डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हळूहळू जाण्याचा आजार, होणारच नाही असं नाही, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या कमिशनने बदलता येण्यासारखी 14 कारणं मांडली, ती सगळी दूर करता आली तर जगातले साधारण 45 टक्के डिमेन्शिया टळू शकतील किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज आहे. बाकीच्यात वय आणि जीन्सचा मोठा वाटा आहे. पण त्या 14 मध्ये हालचाल नसणं, बीपी, डायबेटिस, वजन, कोलेस्टेरॉल हे सगळं आहे, आणि ताकदीचा व्यायाम यातल्या बऱ्याच गोष्टींना एकदम हात घालतो.

सुरू करायच्या आधी

बीपी कंट्रोलमध्ये नसेल, चालताना छातीत भरून येत असेल, नुकताच हार्टचा त्रास झाला असेल, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नसतील, हर्निया असेल, हाडं ठिसूळ झालेली असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि विचारताना ‘व्यायाम करू का’ असं मोघम नाही, ‘मला आठवड्यातून दोनदा वजन उचलायचंय, माझ्यासाठी काय टाळू’ असं विचारायचं. मोघम प्रश्नाला उत्तर परत चालण्याचंच मिळतं. इन्सुलिन किंवा साखर खूप खाली आणणारी गोळी चालू असेल तर व्यायामाच्या दिवशी शुगर कमी होऊ शकते, त्याबद्दलही तेव्हाच बोलून घ्या.

मग एक छोटी टेस्ट. न हलणारी, बिनचाकाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घ्या आणि हात न वापरता पाच वेळा उठा-बसा, कोणीतरी मोबाईलवर वेळ लावायचा. आशियातल्या तज्ज्ञांनी 2019 मध्ये ठरवलेल्या मापाप्रमाणे 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायांची क्षमता कमी समजायची. जास्त वेळ लागला, किंवा उठताच आलं नाही, तर घाबरून जायचं कारण नाही, तुमची सुरुवात कुठून करायची ते कळलं एवढंच. तारीख टाकून आकडा लिहून ठेवा.

खुर्ची हाच पहिला व्यायाम

खरं सांगू का, एकच व्यायाम करणार असाल तर हा करा. खुर्चीच्या पुढच्या कडेला या, पाठ टेकलेली नको. पावलं खांद्यांइतकी लांब, आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. बहुतेक जण पाय पुढे पसरून उठायला जातात आणि म्हणून त्यांना हाताची गरज पडते, टाचा मागे घेतल्या की निम्मं काम सोपं होतं. आता कमरेतून पुढे झुका, पाठ सरळ, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, मग टाचांवर जोर देऊन उठा. उठताना गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, पायाच्या मधल्या बोटाच्या दिशेने राहिले पाहिजेत. पूर्ण सरळ उभं राहा, कुल्ले आवळा, आणि मग खाली बसताना मनात तीन मोजत हळू बसा. धपकन बसायचं नाही! खाली येतानाचा कंट्रोल हाच अर्धा व्यायाम आहे.

हाताशिवाय जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून ती उंच करा, किंवा समोर जड टेबल ठेवून बोटांचा हलका आधार घ्या. आणि सहज बारा वेळा व्हायला लागलं की पाठीवर सॅक घ्या आणि त्यात एक लिटरची पाण्याची भरलेली बाटली ठेवा, झालं एक किलो. मग दोन. मग वजन छातीशी धरून. काही महिन्यांनी उठताना वेग वाढवायचा, वर झटकन, खाली सावकाश, कारण तोल सावरायला लागतो तो झटकन लावलेला जोर, आणि ते पटकन जोर लावणारे तंतू हळूहळू उठण्याने तेवढे जागे होत नाहीत.

दुसरा, जमिनीवरून वस्तू उचलणं. याची भीती लोकांना सगळ्यात जास्त वाटते, कंबर धरेल म्हणून, आणि भीतीने टाळत राहिलं की कंबर आणखी कमजोर होते. सुरुवात जमिनीवरून नका करू, एक स्टूल घ्या आणि त्यावर बाटल्या भरलेली पिशवी ठेवा. जवळ उभे राहा, गुडघे जरासे वाकवा आणि मागचा दरवाजा कुल्ल्याने ढकलायचाय असं समजून कुल्ले मागे न्या, पाठ लांब आणि सरळ, मान पाठीच्या रेषेत. पिशवी अंगाला घासून वर आली पाहिजे, लांब धरलीत तर कंबरेवर ताण येतो. पाठ गोल झाली की थांबायचं, वजन कमी करायचं. ज्यांना हाडं ठिसूळ असल्याचं निदान आहे त्यांनी पाठ गोल करून वाकणं आणि वाकलेल्या स्थितीत वळणं पूर्ण टाळायचं, आणि हा व्यायाम शक्यतो फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यायचा.

बाकीचे पटकन सांगते. ढकलण्यासाठी भिंतीवर हात टेकून पुशअप, जमायला लागले की भिंतीऐवजी ओटा किंवा जड टेबल, जितकं खाली तितकं जड. ओढण्यासाठी रबरी बँड, दाराच्या मजबूत कडीला अडकवून कोपरं मागे न्यायची आणि पाठीची दोन्ही पाती जवळ आणायची, ओढण्याआधी कडी नीट तपासा. पोटऱ्यांसाठी खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या. आणि तोलासाठी, ओट्याजवळ एका पायावर उभं राहायचं, हात ओट्याच्या अगदी वर, टेकवायचे नाहीत पण लागले तर पकडता येतील असे. तोलाचा व्यायाम रोज केला तरी चालतो.

किती जड, किती वेळा

सगळे इथेच ढेपाळतात. म्हाताऱ्या माणसाला अर्ध्या किलोची डंबेल्स देऊन पन्नास वेळा हात वर करायला लावतात, त्याने हात दुखतो पण ताकद वाढत नाही. मसलला आणि बहुधा मेंदूलाही फायदा होतो तो अवघड वाटलं की. 10 पैकी किती अवघड वाटतंय असं स्वतःला विचारा, 0 म्हणजे आरामात बसलोय आणि 10 म्हणजे आता एकही निघणार नाही. पहिले तीन-चार आठवडे 5 च्या आसपास राहा, कारण सांध्यांना, स्नायूबंधांना सवय व्हायला वेळ लागतो आणि नीट पद्धत बसायला हवी. त्यानंतर 7 ते 8 वर जा, म्हणजे सेट संपला तेव्हा अजून दोन-तीनच निघाले असते असं वाटलं पाहिजे. एका सेटमध्ये 8 ते 12 वेळा, असे दोन सेट, मध्ये एक-दोन मिनिटं बसायचं. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सुट्टी, जमलं तर पुढे तिसरा दिवस. अर्ध्या-पाऊण तासात होतं सगळं. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारसही ताकदीसाठी आठवड्यात किमान दोन दिवस आणि वयस्कर लोकांनी तोल आणि ताकद मिळून तीन किंवा जास्त दिवस, आणि चालण्यासारखा मध्यम व्यायाम आठवड्याला 150 ते 300 मिनिटं अशीच आहे.

व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी दोन्ही सेट 12 ला सहज झाले की वजन थोडं वाढवायचं. वाढवलं नाही तर काही महिन्यांत सगळं तिथेच अडकतं.

श्वास रोखायचा नाही, हे मात्र फार जपा. जोर लावताना श्वास धरला की बीपी एकदम वर उडी मारतं. सोपा उपाय म्हणजे जोर लावताना मोठ्याने आकडे मोजायचे, बोलताना श्वास रोखताच येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं नॉर्मल आहे, पण सांध्यात टोचल्यासारखं दुखणं, सूज येणं हे नाही, तसं झालं तर वजन आणि हालचाल कमी करा. छातीत दाब, चक्कर, डोळ्यापुढे अंधारी, अचानक दम लागणं, यातलं काही झालं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना गाठायचं, थोडा वेळ बसून परत सुरू करायचं नाही.

खाणं

व्यायाम केला आणि प्रोटीन कमी पडलं तर शरीर मसल बांधणार कशाने? उलटही खरं आहे, फियातारोने यांच्याच टीमने 1994 मध्ये 100 अशक्त वृद्धांवर जो अभ्यास केला त्यात नुसतं पोषक पेय देऊन ताकद वाढली नाही, व्यायामाने वाढली. म्हणून महागडे डबे आणून दूधात कालवून देणं आणि माणूस दिवसभर खुर्चीत, याने काही होत नाही.

तरुणपणी किलोमागे 0.8 ग्रॅम प्रोटीन पुरतं असं धरतात, पण वय वाढलं की तेवढ्याच प्रोटीनला मसल कमी प्रतिसाद देतात, म्हणून 65 च्या वर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम घ्यावं असं 2013 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सुचवलं, आजारपणात त्याहून थोडं जास्त. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 60 ते 72 ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हा आकडा तुमच्यासाठी नाही, तुमचे डॉक्टर सांगतील तोच.

पण एकूण आकड्याइतकीच वाटणी महत्त्वाची आहे. सकाळी चहा आणि काहीतरी कोरडं, दुपारी थोडं, आणि जे काही प्रोटीन ते रात्री, असं बहुतेकांचं असतं, आणि सगळ्यात जास्त मार खातो तो नाश्ता. प्रत्येक जेवणात 20 ते 30 ग्रॅम यायला हवं. अंदाजासाठी, एका अंड्यात 6 ग्रॅम, मोठा ग्लास म्हणजे 250 मिली दुधात 8, शिजलेल्या चिकनच्या 100 ग्रॅममध्ये 27-30, माशात 20 च्या आसपास, शिजलेल्या डाळीच्या 100 ग्रॅममध्ये 9, कोरड्या सोया चंक्सच्या 50 ग्रॅममध्ये 25. म्हणजे नाश्त्याला दोन अंडी आणि एक मोठा ग्लास दूध घेतलं की 20 झाले. शाकाहारी माणसाला मुद्दाम लक्ष द्यावं लागतं, डाळ पातळ असली की वाटीभर खाऊनही फार काही मिळत नाही, ती घट्ट करा, सोबत दही, सोयाबीन, शेंगदाणे घ्या. चावायला त्रास होतो म्हणून अनेक जण नकळत प्रोटीन सोडून मऊ पिठूळ खात राहतात, तेव्हा आधी दातांचं बघा!

बी12 ची तपासणी करून घ्या, हे मी कळकळीने सांगते. वय वाढलं की पोटातून ते नीट शोषलं जात नाही, शाकाहारात मिळतं कमी, आणि डायबेटिसची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर आणखी घटतं. बी12 कमी झालं की विसरणं, गोंधळणं, पायांना मुंग्या, तोल जाणं असं सगळं होऊ शकतं, आणि घरचे समजतात वय झालं. वेळेत कळलं तर सुधारतं, फार उशीर झाला तर सगळं परत येत नाही. थायरॉइड आणि डी व्हिटॅमिनचंही त्याच वेळी डॉक्टरांना विचारा.

मेंदूसाठी खास डाएट म्हणून माइंड डाएटचं नाव खूप घेतलं जातं, हिरव्या पालेभाज्या, स्ट्रॉबेरीसारखी बेरी फळं, सुकामेवा, डाळी, मासे, ऑलिव्ह ऑइल, आणि लोणी, मिठाई, तळलेलं कमी. लोकांच्या सवयी बघून केलेल्या अभ्यासांत ते फार चांगलं दिसलं होतं, पण 2023 मध्ये 604 लोकांवर तीन वर्षांची नीट ट्रायल झाली तेव्हा हे डाएट घेणारा आणि न घेणारा असे दोन्ही गट थोडे थोडे सुधारले आणि दोघांत फारसा फरक निघाला नाही. तरी असं खाणं हार्टला, बीपीला चांगलंच आहे, करा, पण एखाद्या फळाने स्मरणशक्ती वाढते म्हणून त्याच्या मागे धावू नका. एकट्या डाएटपेक्षा सगळं मिळून केलेलं जास्त खात्रीचं वाटतं. फिनलंडच्या फिंगर ट्रायलमध्ये 60 ते 77 वयाच्या 1260 जणांपैकी अर्ध्यांना दोन वर्षं खाणं, ताकदीचा आणि दमाचा व्यायाम, मेंदूला काम, आणि बीपी-शुगरवर नजर असं सगळं एकत्र दिलं, त्यांची कामगिरी नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा चांगली निघाली.

आणि एक, उतारवयात वजन कमी करायच्या मागे लागून उपाशी राहू नका. जेवण तोडून उतरलेल्या वजनात मसलही जातो, आणि वजन परत चढलं की मुख्यतः चरबी परत येते. वजन उतरवायचंच असेल तर ताकदीचा व्यायाम आणि पुरेसं प्रोटीन आधी पक्कं करा. प्रयत्न न करता वजन घटत असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. पाणीही घड्याळ बघून प्या, या वयात तहान उशिरा लागते, फक्त हार्ट किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तेवढंच.

विसरायला लागलेल्या माणसाला शिकवताना

आई-बाबांपैकी कोणाला विसरण्याचा त्रास सुरू झाला असेल तर लांबलचक सूचना देऊ नका. शेजारी दुसरी खुर्ची ठेवा आणि स्वतः त्यांच्यासोबत उठा-बसा. शब्द कमी, ‘नाक पुढे, उठा’ एवढंच, दर वेळी तेच शब्द. वेळ तीच, जागा तीच, व्यायाम तीन किंवा चारच. आकडे त्यांना मोठ्याने मोजू द्या, चुकले तर दुरुस्त करत बसू नका. कानाचं मशीन आणि चष्मा लावूनच सुरू करायचं, अर्धं ऐकू न आल्यामुळे गोंधळलेल्या माणसाला आपण उगाच विसरला म्हणतो. आणि पहिल्या दिवशी सगळे मिळून दोनच सेट झाले तरी खूप झालं, त्यांना दुसऱ्यांदा यावंसं वाटणं जास्त महत्त्वाचं.

आजारपणानंतर

2007 चा एक अभ्यास आहे, साठीच्या पुढच्या निरोगी माणसांना फक्त 10 दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांतला जवळपास एक किलो मसल गेला. निरोगी माणसांचा! मग ताप, न्यूमोनिया, ऑपरेशन यात किती जात असेल विचार करा. म्हणून दवाखान्यात असतानाच विचारायचं, कधीपासून उठवू, कधीपासून चालवू. घरी आल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं की खुर्चीची पाच वेळची टेस्ट परत करा आणि आधीच्या आकड्याशी ताडून बघा. पिशवीत आधी असायचं त्याच्या निम्मंच वजन ठेवा, एकच सेट करा, प्रोटीन मात्र निम्मं करू नका, भूक नसेल तर थोडं थोडं करून दिवसातून पाच वेळा द्या. दर आठवड्याला एक बाटली वाढवत गेलं तर बहुतेक जण आधीच्या वजनाला परत पोचतात, काहींना सहा आठवडे लागतात काहींना त्याहून जास्त, घाई करायची नाही.